छातीचा जुना फोटो

१

"वहिनी, हा फोटो कुणाला दाखवत बसू नका," बुद्धभूषण कांबळे वकिलांनी मला बजावलं होतं. "गल्लीनं बघून काही निकाल लागत नाही. पाकिटात घाला, पाकीट ट्रंकेत घाला, आणि गप्प बसा."

मी मान हलवली, आणि घरी येऊन नेमकं उलटं केलं.

त्याला कारण होतं. उद्यमनगरच्या मागं आम्ही ज्या खोल्यांच्या ओळीत राहत होतो, तिथं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं की आमच्या ह्यांना टीबी झालाय. मालकीणबाई धोंडुबाई माझ्या संयोगिताला चहा द्यायच्या तो कान तुटलेल्या वेगळ्या कपातनं. चार वर्षांची पोर, तिला तो कप स्वतःचा वाटायचा. मला ते बघवेना. मग जो भेटेल त्याला मी छातीचा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून दाखवायला लागले. "हे पांढरे कण दिसतात ना? हा टीबी नाही. ही फौंड्रीतली धूळ आहे. वाळूची." वारणानगरच्या कॉलेजातनं बी.कॉम. झाले होते, समजावून सांगायची हौस दांडगी.

ह्यांनी, म्हणजे सयाजींनी, नऊ वर्षं एका फौंड्रीत साच्यातनं निघालेले लोखंडी भाग ग्राइंडरवर घासले होते. तोंडाला रुमाल, तोही घरचाच. त्र्याण्णवच्या पावसाळ्यात जिना चढताना थांबायला लागले, तेव्हा एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडं फोटो काढला. चौऱ्याण्णवच्या फेब्रुवारीत मालकांनी "स्वखुशीनं काम सोडतो" अशा कागदावर सही घेऊन घरी पाठवलं. आम्ही कामगार कोर्टात नुकसानभरपाईचा दावा लावला. फौंड्रीचं उत्तर आलं ते एका ओळीचं: हा मनुष्य आमच्याकडनं ठणठणीत गेला, आजार मागाहून झाला.

त्या एका ओळीला आमच्याकडं एकच उत्तर होतं. जुन्या फोटोच्या वरच्या कोपऱ्यात पांढऱ्या शाईनं ह्यांचं नाव होतं आणि पुढं तारीख, १२-८-९३. कामावर असतानाची. ते डॉक्टर वारले होते, दवाखाना मोडून तिथं भांड्यांचं दुकान झालं होतं. दुसरी प्रत जगात नव्हती. पाकिटात सप्टेंबरमधला नवा फोटोही होता, पण नवा काय सांगणार? माणूस आज आजारी आहे हे फौंड्रीही नाकारत नव्हती.

कोर्टात पुढची तारीख तेरा नोव्हेंबरची पडली होती. भाऊबीजेच्या सकाळी, उद्या वकिलांकडं जायचं म्हणून, मी ट्रंक उघडून पाकीट काढलं.

आत एकच फोटो होता. नवा.

२

रडायला वेळ नव्हता. मी दाराच्या चौकटीला टेकून आठवायला लागले. दसऱ्यानंतर मी स्वतः तो पाकिटात घातला होता. मधल्या दिवसांत घरात शिरलं कोण?

सगळ्यांत आधी डोळ्यांपुढं आला तो अमरसिंह. मालकांचा पुतण्या, फौंड्रीत सुपरवायझर. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी मिठाईचा पुडा घेऊन आला होता. दीड वर्षात ज्यानं विचारपूस केली नाही, त्यानं पुडा आणावा?

"काय सयाजीराव, दिवाळी जोरात?" त्यानं उंबऱ्यातनंच विचारलं होतं.

"जोरात न्हाय, जपून," हे म्हणाले. बोलता बोलता दोनदा थांबले.

"कोर्टाचं कशाला लावून घेतलंय मागं? काका म्हणत्यात, घरातला माणूस हाय, बसून मिटवू." मग माझ्याकडं वळून, "जुना फोटो हाय म्हणं तुमच्यात, वैनी? एकदा बघू तरी द्या की."

"कोर्टात बघा," मी म्हटलं होतं. तो हसला होता. ते हसणं आता खुपायला लागलं.

दुसरा आकाराम. ह्यांच्या शेजारच्या ग्राइंडरवरचा जोडीदार, आमच्याच ओळीत शेवटच्या खोलीत राहायचा. साक्ष द्या म्हणून वकिलांनी विचारलं तेव्हा "मला कशाला वं त्यात?" म्हणून उठून गेला होता. पण उन्हाळ्यात मी फोटो दाखवला तेव्हा मात्र सगळ्यांत जास्त वेळ धरून बसला होता तोच. खिडकीशी नेला, उलटा केला, परत सुलटा केला.

"हे कण दिसाय लागायला किती वर्सं जात्यात, वैनी?"

मला तेव्हाच वाटलं होतं, हा मालकांसाठी विचारतोय.

तिसऱ्या धोंडुबाई. त्यांना आम्ही खोली सोडायला हवी होती, आणि आमच्या खोलीची किल्ली त्यांच्याकडं असायची.

मी घरात विचारलं, कोर्टाचा फोटो ट्रंकेतनं कुणी हलवला का. हे म्हणाले, "बघ नीट, असंल तिथंच." आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई चिमणाबाई, करंज्यांचा डबा पुसत होत्या. "पाकीट हाय न्हवं जाग्यावर?" त्या म्हणाल्या. "मग?"

मी दिवसभर सगळ्यांवर डोळा ठेवणारी बाई. पण त्या दिवाळीत अडीच तास असे होते की मला काही म्हणजे काही दिसलं नव्हतं.

३

चोवीस ऑक्टोबरची ती सकाळ तुम्हालाही आठवत असेल. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सूर्यग्रहण आलं होतं, पंचाण्णव सालचं. मला सहावा महिना. आत्तींनी मला आतल्या खोलीत बसवलं, खिडकीवर घोंगडं टाकलं, दार ओढून घेतलं.

"आत्ती, हे सगळं सावल्यांचं असतं. पुस्तकात आहे."

"पुस्तक तुझं हाय. पोटातलं नातवंड माझं हाय. चिरायचं न्हाय, कापायचं न्हाय, बसायचं."

मी बसले. हेही तिथंच पलंगावर पडून होते. बाहेर अंगणात अख्खी ओळ जमली होती. गलका ऐकू येत होता, दिसत काही नव्हतं. ट्रंक बाहेरच्या खोलीत. चोरी करायला याहून चांगली वेळ कुणाला मिळणार?

हे सगळं मी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी वकिलांना सांगितलं. बुद्धभूषण कांबळे टाउन हॉलच्या बाजूला एका जिन्याखाली बसायचे, टेबल एवढं लहान की चहा आला की फायली मांडीवर घ्यायला लागत. ते ओरडले नाहीत. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

"अमरसिंह उंबऱ्याच्या आत आला होता?"

"नाही. पुडा देऊन गेला."

"मग ट्रंकेपर्यंत हात गेला कसा? त्याचा हात मालकाएवढा लांब नाही अजून."

"पण जुन्या फोटोचं त्याला कसं कळलं?"

"मीच कळवलंय. कागदपत्रांची यादी समोरच्या वकिलाला द्यावी लागते. पहिल्याच नंबरला फोटो आहे." त्यांनी चष्मा काढला. "आता मला सांगा, चोर चांगला जाणकार असेल तर एवढा घोळ का घालेल? अख्खं पाकीटच उचलेल. तुम्हाला पत्ता लागायच्या आत मोकळा. ह्यानं एक फोटो काढला, एक ठेवला, पाकिटाचं तोंड दुमडलं, पाकीट परत ट्रंकेत घातलं. वरनं कुलूप?"

"लावलेलं होतं."

"पाकीट आणलंय?"

मी दिलं. त्यांनी ते टेबलावर उलटं धरून झटकलं. नवा फोटो सरकत बाहेर आला, आणि त्याच्यामागनं एक बारीक, सुकून काळपट झालेलं पान पडलं.

वकिलांनी ते चिमटीत धरलं. "हे काय आहे? चहाची पत्ती म्हणावं तर मोठं आहे."

मी वास घेतला.

"तुळस," मी म्हटलं.

"आम्ही बौद्ध माणसं, आमच्या घरात त्याचं काही काम नसतं. तुमच्यात तुळशीचं पान पाकिटात घालतात?"

"पाकिटात नाही. ग्रहणात घालतात. दुधात, पाण्यात, लोणच्यात. ग्रहणाचा दोष लागू नये म्हणून."

त्यांनी पान माझ्यापुढं ठेवलं. बोलायचं मलाच होतं. पाकीट ग्रहणाच्या सकाळी उघडलं गेलं होतं. उघडणाऱ्याला ट्रंकेची किल्ली ठाऊक होती. आणि जाता जाता त्या माणसानं आत राहिलेल्या फोटोवर तुळशीचं पान ठेवलं होतं, आमच्या ह्यांच्या छातीला ग्रहण लागू नये म्हणून.

असा चोर जगात एकच होता. आणि तो आमच्याच घरात करंज्या तळत होता.

४

मी घरी आले तेव्हा आत्ती संयूला भरवत होत्या. मी पान त्यांच्यासमोर ठेवलं. आवाज चढवायचा नाही असं ठरवून आले होते.

"आत्ती, जुना फोटो कुठंय?"

"त्यो व्हय?" त्यांना लपवायचं काही नव्हतंच. "पोरास्नी दिला की. रेडिओवर सांगत हुते, उघड्या डोळ्यानं बघशिला तर आंधळी व्हशिला. धोंडुबाई म्हणाल्या, तुमच्यात काळे फोटो हायत, द्या एक. मी म्हटलं, नवा हात लावायचा न्हाय, त्यो कामाचा हाय. जुना घ्या."

"जुना कामाचा होता, आत्ती."

"आगं, जुनं दुखणं गेलं की! आता हाय त्ये नव्या फोटोत हाय. जुन्या दुखण्याचं कोण देतंय काय?"

यात चुकीचं काय होतं? बाईला अक्षर येत नव्हतं. आयुष्यात तिनं रेशनकार्डापासनं पाणीपट्टीपर्यंत हेच बघितलं होतं, नवा कागद आला की जुना रद्द. कामाचा कोणता हे मी अख्ख्या ओळीला समजावत फिरले होते. घरातल्या म्हातारीला सांगायचं मात्र सुचलं नव्हतं.

"संयू, ग्रहण कशातनं बघितलंस गं?" मी विचारलं.

"बाबांच्या बरगड्यांतनं," ती भात चिवडत म्हणाली. "सूर्य आत अडकला होता."

पलीकडं पलंगावर हे तोंड भिंतीकडं करून पडले होते. त्यांची पाठ हललेली मी बघितली.

"पण मग फोटो परत का नाही आणला?" मी आत्तींना विचारलं.

"परत कसला आणतीस? एवढी माणसं, एक फोटो. कापला की."

५

धोंडुबाईंनी ब्लाउज शिवायच्या कात्रीनं फोटोचे चार तुकडे केले होते. मी ओळीत फिरले. केरबा रिक्षावाल्याच्या घरात एक सापडला, खालचा डावा. खालचा उजवा यल्लव्वाच्या खिडकीच्या फुटक्या काचेवर चिकटवलेला होता. "बघ, वारा थांबला," ती म्हणाली. मी तिला पुठ्ठा दिला आणि तुकडा सोडवून घेतला. वरचा एक तर आमच्याच संयूच्या भातुकलीत होता. त्यावर नाव नव्हतं.

राहिला वरचा दुसरा. नाव आणि तारीख असलेला.

"कुणाला दिला आठवत न्हाय बाई," धोंडुबाई म्हणाल्या. "गर्दी किती हुती!"

मी परत आले आणि तीन तुकडे सतरंजीवर मांडले. उजेडात धरून एकेकातनं दिव्याकडं बघितलं. खालच्या तुकड्यांतनं काही धड दिसत नव्हतं, मधे हृदय, पोट, सगळं पांढरट. वरच्या तुकड्याचा खांद्यापलीकडचा कोपरा मात्र काळाकुट्ट. तिथं शरीर नसतं ना. ग्रहण बघायला सगळ्यांत चांगला तुकडा तोच. मग कात्री जिच्या हातात, ती तो दुसऱ्याला कशी देईल?

"धोंडुमावशी," मी परत जाऊन म्हटलं, "सगळ्यांत काळा कोपरा तुम्हीच ठेवलाय."

त्या कावऱ्याबावऱ्या झाल्या. "पोलीस येनार हायत काय गं? मी म्हातारी काय कोर्टात चढू?"

"कुणी येत नाही. द्या."

त्यांनी गादीखालनं, वर्तमानपत्रात गुंडाळलेला तुकडा काढून दिला. मी धावत घरी आले, सतरंजीवर तीन तुकड्यांशेजारी तो चौथा ठेवला.

बसेना.

गळ्याखालचं हाड एका तुकड्यात वर जात होतं, दुसऱ्यात खाली. कात्रीची रेघ जुळत नव्हती. फुफ्फुसात तेच पांढरे कण होते, मूठभर साखर सांडावी तसे. पण ती छाती ह्यांची नव्हती. मी कोपऱ्यातली पांढरी शाई वाचली. आकाराम शिंदे. सप्टेंबर ९५.

धोंडुबाई माझ्या मागनं दारापर्यंत आल्या होत्या. "आगं, फोटो दोन हुते! एक तुझ्या सासूनं दिला, एक आकारामनं सोता आणून दिला. म्हणाला, घ्या, माझ्यात पडूनच हाय."

आता मला त्याचा उन्हाळ्यातला प्रश्न कळला. तो मालकांसाठी विचारत नव्हता. कण दिसायला किती वर्षं जातात, हे त्यानं स्वतःसाठी विचारलं होतं. आणि मग गुपचूप जाऊन फोटो काढला होता. लपवायला जागा नव्हती, तेव्हा अख्ख्या ओळीच्या डोळ्यांसमोर कापायला दिला. आठ काळे तुकडे एका ढिगात मिसळले होते, आणि त्याचा कोपरा धोंडुबाईंच्या गादीखाली आला होता.

मग आमचा कोपरा कुणाकडं गेला असेल? ज्याला स्वतःचं नाव लपवायचं होतं, त्यानंच घाईत ढिगातनं नावाचा तुकडा उचलला असणार.

६

सोमवारी उद्यमनगर बंद असतं. आकाराम घरात एकटाच होता, बायको बायडाबाई नळावर. मी आत गेले, पदराखालनं त्याचा तुकडा काढला आणि समोर ठेवला.

त्यानं तो उचलून पालथा ठेवला.

"अजून कुणी वाचला?"

"कुणी नाही."

तो उठला. कोनाड्यातल्या पंचांगामागनं आमचा तुकडा काढून माझ्या हातात दिला. सयाजींचं नाव, १२-८-९३. शाईला ओरखडासुद्धा नव्हता. एवढा जपून ठेवला होता.

"तुम्हाला माहीत होतं हा कशाचा आहे," मी म्हटलं. "तेरा तारखेला काय होणार तेही माहीत होतं. मग का नाही दिलात?"

"दिला असता तर तुमी इचारलं असतं, आकाराम, तुझा कुठाय."

"मी विचारलं असतं तर काय झालं असतं?"

"वैनी, तुमचं मी बघतोय न्हवं? कोर्टाची पायरी चढून सव्वा वर्स झालं. सयाजीच्या घरात तुमी शिकलेल्या हाय. शिकवण्या घेताय, अर्ज लिवताय. माझ्यात बायडी हाय, तिला दिवाणखाना आणि दवाखाना एकच." तो हसला, आणि हसणं खोकल्यात गेलं. तोंड मिटूनच खोकला, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून. "साहेबाला कळलं तर उद्यापासनं घरी."

"दोघांचे फोटो एकत्र दिले तर फौंड्रीला पळायला जागा नाही. एकाच शेडमधली, शेजारशेजारची दोन माणसं. वकील तुमचाही दावा लावतील."

"दावा जितला की फुफ्फुस बदलून देत्यात व्हय?"

बी.कॉम.ला ते शिकवलं नव्हतं.

"तुमचा तुकडा न्या. माझा जाळून टाका," तो म्हणाला. "हितं जाळला तर वास सुटंल, बायडी इचारंल. तुमीच जाळा. जाळते म्हणा."

बाहेर घागरींचा आवाज आला. बायडाबाई येत होती.

"जाळते," मी म्हटलं.

तेरा तारखेला चार तुकडे चिकटपट्टीनं जोडून वकिलांनी कोर्टात ठेवले. समोरचे वकील हसले. "ही काय गोधडी आणलीय?"

"गोधडीवर तारीख नसते, साहेब," बुद्धभूषण म्हणाले. "हिच्यावर आहे."

पुढं तज्ज्ञ डॉक्टरांनी शपथेवर सांगितलं की चारही तुकडे एकाच छातीचे, आणि ही धूळ त्र्याण्णव सालीच आत होती. निकाल यायला सत्त्याण्णव उजाडलं. तो आमच्या बाजूनं लागला. आत्तींनी पेढे वाटले. धोंडुबाईंनी संयूला चांगल्या कपातनं चहा दिला, आणि तिनं "माझा कप कुठंय?" म्हणून भोकाड पसरलं.

आकारामचा तुकडा मी कोर्टात दिला नाही. वकिलांनाही दाखवला नाही, नुसतं नाव न घेता विचारलं होतं. "माणसाची संमती नसेल तर त्याची छाती आपण उघडायची नाही," ते म्हणाले होते.

पण जाळलाही नाही. दोनदा चुलीपर्यंत नेला.

शहाण्णवच्या पावसाळ्यात आकारामनं काम सोडलं. सोडलं की सोडायला लावलं, ते मला कळलं नाही. खोली रिकामी करून गेला, निरोप न घेता. अमरसिंह म्हणाला, गावाकडं शेती बघतोय. मी मुरगूडला त्याच्या भावाकडं जाऊन आले, तो तिथं आलाच नव्हता. कुणी म्हणालं कुरुंदवाडच्या बाजूला दिसला, एका शेडमध्ये, वाळूच्या फवाऱ्यानं लोखंड साफ करायच्या कामावर. मी तिथंही गेले. शेड होती, कामाला दुसरीच माणसं होती, तोंडाला रुमाल बांधलेली. आज दोन हजार एक साल आहे. वकील म्हणतात मुदत उलटली तरी सबळ कारण दाखवता येतं, दावा अजून लावता येईल, नाव आणि तारखेचा तुकडा शाबूत आहे ना? तो आहे. माणूस नाही.

म्हणून हे लिहिलं. तुमच्या गावात, तुमच्या गल्लीत, कुठल्या शेडच्या मागं आकाराम शिंदे नावाचा पंचेचाळिशीचा माणूस राहत असेल, बायकोचं नाव बायडाबाई, तर कृपा करून एकदा त्याच्या घरी जाऊन या. तब्येत कशी आहे असं त्याला विचारू नका, तो "झ्याक हाय" म्हणेल. त्याच्या बायकोला बाजूला घ्या आणि विचारा, तो रात्री आडवा पडून झोपतो का, की भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपतो. बसून झोपत असेल, म्हणजे आडवं पडलं की श्वास पुरत नसेल, तर तिथनं हलू नका. तिला सांगा, त्याच्या छातीचा तुकडा माझ्याकडं आहे, दावा अजून लावता येतो.